७१ : २९ ला चूक म्हणू नका: अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि संख्याशास्त्र अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात गेली २४ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते. वरचे वर्ग मिळाले तरी एफ.वाय. मी कधी सोडलं नाही. बारावीहून आलेली मुलं विज्ञानाची पहिली खरी सवय याच वर्षात लावून घेतात, असं मला वाटतं. आपण जीवशास्त्राची आणि संख्याशास्त्राची पहिल्या वर्षाचा जो अभ्यासक्रम बनवता, त्याच्यातून ती कोणती सवय लावून घेतात, याबद्दल हे पत्र आहे.

मेंडेलच्या एकसंकराचं (एकाच गुणधर्मात वेगळ्या असलेल्या झाडांच्या संकराचं) प्रात्यक्षिक आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. वाटाणे लावून, संकर करून, पुढची पिढी मोजायला सत्रात वेळ नसतो, म्हणून मण्यांवर भागवतो. दोन डब्यांत लाल आणि पांढरे मणी सारख्या संख्येनं घ्यायचे. न बघता प्रत्येक डब्यातून एक मणी काढायचा, जोडी लिहायची, मणी परत टाकायचे, डबा हलवायचा. असं शंभर वेळा. जोडीत एक जरी लाल असला तरी प्रभावी, दोन्ही पांढरे असले तर अप्रभावी. अपेक्षित उत्तर ७५ : २५.

बरीच वर्षं मी ही जर्नलं तपासत आले. गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक जर्नलात ७५ : २५ असायचं आणि मी पानामागून पान सह्या करत जायचे. एका वर्षी एका मुलीनं ७१ : २९ लिहिलं होतं. मी लाल शाईनं गोल करून ‘पुन्हा करा’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी तिनं ७५ : २५ लिहून आणलं. मी सही केली. मणी पुन्हा काढले का, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. त्या सहीची मला आजही लाज वाटते, आणि या पत्राची सुरुवात खरं तर तिथेच झाली.

त्याच आठवड्यात संख्याशास्त्राचे सहकारी स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी सहज चार-पाच जर्नलं चाळली आणि विचारलं, “मॅडम, मुलांनी मणी खरंच काढले का हो?” मग एका कोऱ्या कागदावर त्यांनी मला हिशोब मांडून दाखवला. प्रत्येक वेळी तीन-चतुर्थांश शक्यता असेल, तर शंभर जोड्यांत नेमके ७५ येण्याची शक्यता साधारण ९ टक्के. म्हणजे ४० मुलांनी प्रामाणिकपणे मणी काढले, तर चौघा जणांच्या जर्नलात ७५ : २५ दिसायला हवं. बाकीच्यांच्या जर्नलांत ७२, ७८, ७०, ८१ असे आकडे हवेत. सगळ्यांचं ७५ : २५ येणं हे प्रयोग उत्तम झाल्याचं लक्षण नव्हतंच. प्रयोग झालाच नव्हता, हे तो गठ्ठा ओरडून सांगत होता आणि मला ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी त्या मुलीच्या ७१ : २९ ची काय-वर्ग कसोटी केली. मोजलेले आकडे अपेक्षेपासून निव्वळ योगायोगानं जातील त्याहून जास्त दूर आहेत का, हे ती सांगते. फरक चारचा. १६ भागिले ७५ अधिक १६ भागिले २५, उत्तर ०.८५. पाच टक्के पातळीवरची मर्यादा ३.८४, उत्तर तिच्या आत असलं की फरक योगायोगाचा मानतात. तिचे आकडे मेंडेलच्या नियमाशी पूर्ण जुळत होते. ६८ : ३२ आले असते तरी जुळले असते. वर्गात बहुधा ती एकटीच बरोबर होती, आणि मी तिला चूक ठरवून खोटं लिहायला लावलं होतं.

आपल्यापैकी अनेकांनी असा लाल गोल कधी ना कधी केला असेल, असं मला वाटतं. ‘रीडिंग ॲडजस्ट कर’ हे वाक्य प्रयोगशाळेत कुणी दबक्या आवाजातही बोलत नाही. मोकळेपणानं बोलतात. सीनियरचं जर्नल समोर ठेवून आकडे उतरवणं ही तर रीतच झाली आहे. यात मुलांचा दोष मला फार थोडा दिसतो. गुण ‘बरोबर उत्तराला’ आहेत, आणि उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं आहे. मुलं शहाणी आहेत, आपण काय मागतो ते ती देतात.

आता त्याच मुलांच्या वेळापत्रकातलं जैवसंख्याशास्त्र बघा. बहुतेक ठिकाणी ते एखाद्या पेपरच्या शेवटच्या घटकात असतं. सत्र संपत आलेलं असतं, सुट्ट्या आणि अंतर्गत परीक्षा मध्ये आलेल्या असतात, म्हणून ते दोन-तीन तासांत उरकलं जातं. प्रश्न ठरलेले: मध्यमाचे गुण व दोष लिहा, प्रमाण विचलनाची व्याख्या लिहा, जीवशास्त्रातील संख्याशास्त्राचे उपयोग लिहा. मग एक तक्ता, ज्याचे आकडे कुठून आले ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याचा मध्य, मध्यक, बहुलक काढा. हे तर मुलं दहावीच्या बीजगणितात करून आलेली असतात. सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांत आपण त्यांना आकड्यांतला चढउतार लपवायला शिकवतो, आणि शेवटच्या घटकात त्याच चढउताराची व्याख्या पाठ करायला लावतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मुलाला कळणार तरी कसं?

संख्याशास्त्राच्या मंडळालाही माझी तेवढीच विनंती आहे. शेजारच्या वर्गातला एफ.वाय.चा संख्याशास्त्राचा तास मी मुद्दाम जाऊन ऐकला आहे. फासे, नाणी, पिशवीतले रंगीत चेंडू, कारखान्यातले सदोष बल्ब. शिकवणारे मनापासून शिकवत होते. पण ज्या विषयाची अर्धी अवजारं शेतात आणि प्राण्यांच्या मोजमापातून घडली, त्याला आपण इतकं कोरडं का करून ठेवलं? गॉल्टन या इंग्रज संशोधकाला प्रतिगमनाची (एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याची) कल्पना गोड वाटाण्याच्या बियांवरून आणि आईबाप-मुलांच्या उंचीवरून सुचली. वेल्डन हा प्राणिशास्त्रज्ञ खेकडे मोजत बसला, म्हणून कार्ल पिअर्सन हा गणितज्ञ या विषयाकडे वळला. ज्याला आपण ‘स्टुडंटची टी-कसोटी’ म्हणतो तो स्टुडंट म्हणजे विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यातला माणूस. बार्ली आणि हॉप्सचे नमुने थोडे असायचे, मोठ्या नमुन्याचे नियम त्यांना लागू पडत नव्हते, त्या अडचणीतून त्याचा १९०८ चा निबंध आला. रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतकी केंद्रात गेला आणि तिथल्या खतांच्या अन् गव्हाच्या नोंदींवर काम करता करता त्यानं प्रचरण विश्लेषण (अनेक गटांच्या सरासरींची तुलना) आणि प्रयोगाच्या रचनेचे नियम बसवले. यादृच्छिकीकरण, म्हणजे कुठल्या वाफ्याला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं, का करायचं, हे एकाच शेताच्या दोन टोकांची माती वेगळी असते हे ठाऊक असलेल्या मुलाला दोन मिनिटांत कळतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत.

आणि आपल्याकडचं तर काय सांगावं! १९२० साली भारतीय विज्ञान काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. तिथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल आणि भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची गाठ पडली. अ‍ॅनन्डेल यांच्याकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापं पडून होती. ती तपासून द्याल का, असं त्यांनी विचारलं. त्या कामातून महालनोबिस संख्याशास्त्रात ओढले गेले, १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३६ मध्ये त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं, दोन गटांमधला फरक मोजणारं ‘अंतर’ जगाला दिलं. प्राणिशास्त्रज्ञाचे आकडे आणि संख्याशास्त्रज्ञाची नजर यांची भेट आपल्या राज्याच्या भूमीवर झाली. शंभर वर्षांनंतर आपल्या महाविद्यालयांत हे दोन विभाग एकाच मजल्यावर असूनही भेटत नाहीत.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नाव आपल्या मुलांनी ऐकलेलं नसतं, हे मला फार खुपतं. आज पीक विम्याच्या निमित्तानं गावोगाव ज्यांची चर्चा होते त्या पीक कापणी प्रयोगांच्या यादृच्छिक नमुना पद्धतीमागे कृषी संशोधन परिषदेतलं त्यांचं काम आहे. पुढे त्यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळला आणि माणसाच्या पोषणावर आयुष्यभर विचार केला. त्यांना जीवशास्त्रज्ञ म्हणायचं की संख्याशास्त्रज्ञ? वर्गातला एक मुलगा मला म्हणाला होता, “मॅडम, आमच्या वावरात काहीच उरलं नाही, मग महसूल मंडळाची सरासरी एवढी कशी आली?” या एका प्रश्नात नमुना आहे, समष्टी आहे, सरासरी आहे, विचलन आहे, आणि त्याच्या घरचा वर्षाचा खर्चही आहे. माझ्या अभ्यासक्रमात या प्रश्नाला जागा नव्हती. मी तास संपल्यावर व्हरांड्यात उभी राहून त्याला जमेल तेवढं समजावलं.

असाच दुसरा प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा. आमच्याकडे नंदुरबारच्या बाजूची काही मुलं-मुली शिकायला असतात. नंदुरबार असो की गडचिरोली, तिथल्या आदिवासी गावांत हा आजार घराघरांत माहीत आहे. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू केलं. मी फळ्यावर वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण आजाराचं एक जनुक असलेले) आई आणि बाप यांचा चौकोन काढला, चारांतल्या एका घरात आजार दाखवला आणि म्हटलं, एकास तीन. तास संपल्यावर एका मुलीनं विचारलं, “पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन चांगली ना?”

ती चुकीचं समजली होती, पण ते मीच तसं शिकवलं होतं. चौकोनात चार घरं असतात, म्हणून चार मुलं असा अर्थ निघतो. खरं तर प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी शक्यता नव्यानं एक-चतुर्थांशच असते, आधीच्या मुलाचा तिच्याशी संबंध नाही. अशा जोडप्याला चार मुलं झाली, तर चौघांतलं नेमकं एकच आजारी असण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि एकही आजारी नसण्याची ३२ टक्क्यांच्या. हे गणित करायला तीन-चतुर्थांश चार वेळा गुणता आलं की पुरतं. जी मुलगी उद्या स्वतःच्या लग्नाआधी किंवा बहिणीच्या बाळंतपणाआधी हा निर्णय घेणार आहे, तिला मी चौकोन दिला आणि त्याचा अर्थ दिला नाही. अनुवंशशास्त्राच्या घटकात संभाव्यता शिकवायची नाही, ती दुसऱ्या सत्रात दुसऱ्या विभागात शिकवली जाईल, ही वाटणी इथे माणसांना भोवते.

‘जीवशास्त्राच्या मुलांना गणित झेपत नाही’ हे वाक्य मंडळांच्या बैठकांत नेहमी ऐकू येतं. पीसीबी घेऊन आलेल्या मुलांनी गणित दहावीनंतर सोडलेलं असतं, हे खरं आहे. त्यांना आकडेमोडीची धास्ती वाटते, हेही खरं आहे. पण त्यांनी स्वतः मोजलेले आकडे हातात असले की ही धास्ती किती पातळ होते, ते मी पाहिलंय.

त्या ७१ : २९ नंतर मी आणि ते सहकारी मिळून एक प्रात्यक्षिक घ्यायला लागलो. आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या कुंपणाला प्राजक्ताची झाडं आहेत. पावसाळा सरत आला की सकाळी खाली सडा असतो. मुलं साडेसातला येतात, प्रत्येकानं पन्नास फुलं वेचायची आणि पाकळ्या मोजायच्या. प्राजक्ताला पाच पाकळ्या असतात की सहा, यावर आधी पैजा लागतात. मोजल्यावर कळतं की पाच असतात, सहा असतात, सात असतात, आठही असतात. ‘मग बरोबर किती?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि त्या क्षणी मी व्याख्यान थांबवून फळा सहकाऱ्यांकडे देते. वारंवारता सारणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, ती फळ्यावर आपोआप तयार होते. एका झाडाची सरासरी दुसऱ्या झाडाहून वेगळी निघाली की वाद सुरू होतो: झाडं खरंच वेगळी आहेत, की आपण फुलं कमी वेचली? हा वाद म्हणजेच परिकल्पनेची कसोटी. ते नाव आम्ही वाद झाल्यानंतर सांगतो. पहिल्या वर्षी पन्नास मोजलेली मुलं आपणहून म्हणाली, उद्या शंभर मोजू.

ही कल्पना आमची नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून महालनोबिसांच्या संस्थेत आले आणि पुढे १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. महागडी उपकरणं नाहीत म्हणून भारतात जीवशास्त्र होऊ शकत नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. इथल्या तरुण सहकाऱ्यांना त्यांनी मोजायला लावलं, आणि त्या मोजणीत प्राजक्ताच्या पाकळ्याही होत्या. म्हणून आमच्या कुंपणाकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते.

प्राजक्त नसेल तिथे चिंच आहे. एका बोटकात किती चिंचोके, हे मोजता येतं. करंजाची उन्हातली आणि सावलीतली पानं पट्टीनं मोजता येतात. मटकी भिजवून साध्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात किती दाण्यांना मोड आले, हे दोन दिवसांत कळतं आणि त्यावर काय-वर्ग कसोटी करता येते. वाघांची गणना पूर्वी पायांच्या ठशांवरून व्हायची आणि २००६ पासून कॅमेरा ट्रॅप आणि नमुना पद्धतीनं होऊ लागली, हा बदल का करावा लागला हे डब्यातल्या हरभऱ्यांवर खुणा करून, परत मिसळून, पुन्हा मूठभर काढून एका तासात दाखवता येतं. या सगळ्याला खर्च किती? आकडेमोड आधी वहीत, मग मोबाइलच्या स्प्रेडशीटवर. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहेच.

आता मागणीकडे येते. नवीन शैक्षणिक धोरणानुसार स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाची रचना बदलली. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक, कौशल्याचे अभ्यासक्रम असे कप्पे आले, आणि विद्याशाखांच्या भिंती खाली येतील असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जुनेच घटक नव्या कप्प्यांत बसवले गेले. पण त्यातल्या प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) ३० तास आहेत, आणि माझी सगळी आशा त्या ३० तासांवर आहे. पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत किमान एक तृतीयांश वेळ विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेल्या आकड्यांसाठी राखून ठेवावा. जैवसंख्याशास्त्राचा शेवटचा घटक काढून टाका आणि त्याचे तुकडे करून या प्रात्यक्षिकांत पेरा. संभाव्यता अनुवंशशास्त्राच्या आधी यावी. आणि मूल्यमापनाच्या सूचनांत एक ओळ स्पष्ट छापावी: मेंडेलच्या किंवा कुठल्याही प्रयोगात अपेक्षित गुणोत्तर आलं नाही म्हणून गुण कापू नयेत, गुण मूळ नोंदींना आणि त्यांच्या अर्थ लावण्याला द्यावेत. बहिःस्थ परीक्षकांच्या हातात ही ओळ छापील पडली नाही, तर माझ्यासारख्या एकटीच्या म्हणण्याला काही वजन राहत नाही. मुलं मला विचारतात, “मॅडम, एक्स्टर्नलला चालेल का?” आणि मला उत्तर देता येत नाही.

एक अडचण आहे, जी बैठकीत कुणी उघड बोलत नाही, म्हणून मीच लिहिते. वर्कलोड. संख्याशास्त्राचे शिक्षक वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले, तर तो तास कुणाच्या खात्यावर? तासांवरून पदं ठरतात, पदांवरून विभाग टिकतो. माझे सहकारी पहिली तीन वर्षं तासिका तत्त्वावर होते. प्राजक्ताच्या सकाळी ते साडेसातला यायचे तेव्हा त्या तासाचे पैसे त्यांना मिळत नव्हते. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण चांगल्या शिकवण्याचा भार असा कुणाच्या तरी भलेपणावर टाकणं मला पटत नाही. संयुक्त प्रात्यक्षिकाचा कार्यभार दोन्ही शिक्षकांना मोजला जाईल अशी शिफारस अभ्यासक्रमातच करणं आपल्या हातात आहे. तिन्ही मंडळांनी एकत्र बसून ती केली, तर विद्यापीठाला तिच्याकडे दुर्लक्ष करणं सोपं जाणार नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. या प्रात्यक्षिकांची जर्नलं मराठीत लिहू द्या. ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ इंग्रजीत पाठ करणारी मुलगी ‘माझी फुलं सरासरीपासून एवढी इकडे-तिकडे पसरली आहेत’ असं लिहिते, तेव्हा तिला ते समजलं आहे हे मला कळतं. इंग्रजी संज्ञा कंसात शिकता येतील, त्याची घाई नाही.

मेंडेलची मूळ आकडेवारी मी आता वर्गात फळ्यावर लिहिते. गोल बिया ५४७४, सुरकुतलेल्या १८५०. नेमके तीनास एक असते तर ५४९३ आणि १८३१ आले असते. १९ बियांचा फरक त्यानं तसाच छापला. पुढे १९३६ मध्ये फिशरनं त्याच्या सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले आणि ते अपेक्षेच्या जरा जास्तच जवळ आहेत अशी शंका घेतली. त्यावर अजूनही वाद चालतो. हे सांगितलं की वर्ग शांत होतो आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी आपल्याच जर्नलांबद्दल विचारतं.

पुढच्या वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी आपल्या बैठका लवकरच सुरू होतील. मी केलेली प्रात्यक्षिकांची टिपणं, मुलांनी स्वतः मोजलेल्या नोंदींच्या वह्या, चुकलेल्या वर्षांच्यासुद्धा, मी कुठल्याही बैठकीला घेऊन येईन. आपल्यापैकी कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल, तर सप्टेंबरात या. सकाळी साडेसातच्या आत यावं लागेल, नंतर ऊन चढलं की फुलं कोमेजतात आणि पाकळ्या मोजता येत नाहीत.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका